कावीळ उतरली, पण...

गेल्या शनिवारी बाबांना घेऊन सोनोग्राफीला गेलो होतो. दर सहा महिन्यांनी जातो. बदलापूरहून लोकल पकडायची, कल्याणला उतरायचं, नंबर लावायचा आणि वाट बघत बसायचं. उपाशीपोटी जायचं असतं, त्यामुळे बाबांचा मूड सकाळपासून जरा "तसाच" असतो. रिपोर्ट नॉर्मल आला की स्टेशनबाहेर दोन वडापाव खातात आणि मग माणसात येतात. (हो, वडापावचं आणि लिव्हरचं काय नातं आहे ते मला माहीत आहे. सहा महिन्यांतून एकदा मी डोळे मिटून घेतो.)

तर या वेळी आमच्या शेजारी एक बाई बसल्या होत्या, दहाबारा वर्षांच्या मुलाला घेऊन. मुलाचे डोळे हळदीसारखे पिवळे आणि गळ्यात झाडाच्या काड्यांची एक माळ. बाई म्हणाल्या, "परवा डोक्यावर ठेवली होती, आज गळ्यात आली बघा. उतरतेय कावीळ."

बाबा काही बोलले नाहीत. मीही नाही. पण घरी येईपर्यंत डोक्यात एकच गोष्ट फिरत होती. आमच्या अप्पाकाकांची कावीळसुद्धा अशीच उतरली होती.

अप्पाकाका म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. अंबरनाथला एका कारखान्यात नोकरीला होते, चाळीत दोन खोल्या होत्या. १९८६ च्या पावसाळ्यात त्यांना कावीळ झाली. त्या काळी जे सगळे करायचे तेच आजीने केलं. वांगणीच्या पलीकडे एका खेड्यात एक म्हातारबाबा कावीळ उतरवायचे, त्यांच्याकडे घेऊन गेली. त्यांनी हाताला कसलासा पाला चोळला, चुन्याच्या पाण्यात हात धुतले, पाणी पिवळं झालं. गळ्यात माळ घातली. महिनाभर तेल-तूप बंद, उसाचा रस आणि भाजलेले चणे सुरू. महिन्याने काका ठणठणीत! आजी शेवटपर्यंत सांगायची, "माझ्या अप्पाची कावीळ माळेने उतरवली."

२०१८ मध्ये काकांचं वजन अचानक उतरायला लागलं. उजव्या बरगडीखाली जड वाटायचं. सोनोग्राफीत लिव्हरवर मोठी गाठ दिसली. लिव्हर कॅन्सर. काकांनी आयुष्यात दारूला हात लावला नव्हता. चार महिन्यांत गेले. वय वर्षं ५८.

डॉक्टरांनी रक्ताच्या रिपोर्टमधल्या एका ओळीवर बोट ठेवलं होतं. हिपॅटायटिस बी, पॉझिटिव्ह. "घरातल्या सगळ्यांची टेस्ट करून घ्या," म्हणाले. केली. आई निगेटिव्ह. मी निगेटिव्ह. बाबा पॉझिटिव्ह.

मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला होतो. एखादा बग सापडला की तो कोडमध्ये नेमका कधी शिरला हे शोधायची आम्हाला खोडच असते. तशी मी या व्हायरसची हिस्टरी उकरायला सुरुवात केली. आज सात वर्षांनी ती इथे लिहितोय.

*

पहिला मुद्दा असा की कावीळ हा आजारच नाही. ते लक्षण आहे. जुन्या तांबड्या पेशी मोडल्या की बिलिरुबिन नावाचा पिवळा पदार्थ तयार होतो. लिव्हर तो पित्तातून बाहेर टाकतं. लिव्हर सुजलं किंवा पित्ताचा रस्ता अडला की तो रक्तात साठतो आणि डोळे पिवळे दिसायला लागतात. म्हणजे कावीळ हा स्क्रीनवरचा एरर मेसेज झाला. मागे प्रॉब्लेम कुठलाही असू शकतो. पण आपल्याकडे मेसेजलाच आजाराचं नाव पडलं. गेल्या दीडशे वर्षांचा सगळा इतिहास म्हणजे या एका शब्दाच्या पोटातले वेगवेगळे आजार सुटे करण्याचा इतिहास आहे.

सुरुवात जर्मनीत होते. १८८३ मध्ये ब्रेमेनच्या जहाज कारखान्यातल्या १२८९ कामगारांना देवीची लस टोचली गेली. लस माणसांच्या फोडांतल्या द्रवापासून केलेली. पुढच्या काही महिन्यांत त्यातल्या १९१ जणांना कावीळ झाली. त्याच कारखान्यात ज्यांना ही लस मिळाली नव्हती ते सगळे ठीक. ल्युरमान नावाच्या डॉक्टरने १८८५ मध्ये हे नोंदवून ठेवलं. कावीळ सुईतूनही येते हे तेव्हा कागदावर आलं, पण मनावर कोणी फारसं घेतलं नाही.

मग दुसरं महायुद्ध. आपल्याकडे कल्याणजवळ लष्करासाठी बराकी उभ्या राहत होत्या, साधारण त्याच काळात, १९४२ मध्ये, अमेरिकन सैन्यात कावीळीची प्रचंड साथ आली. जवळपास ५० हजार सैनिक दवाखान्यात. कारण काय, तर त्यांना दिलेल्या पीतज्वराच्या लशीत माणसांच्या रक्तातलं सीरम मिसळलेलं होतं. आता मात्र दुर्लक्ष करणं शक्य नव्हतं. १९४७ मध्ये मॅककॅलम या ब्रिटिश डॉक्टरने सरळ दोन नावं पाडली. दूषित अन्नपाण्यातून येते ती हिपॅटायटिस ए आणि रक्तातून येते ती हिपॅटायटिस बी.

त्याच १९४७ मध्ये फाळणी झाली. कल्याणच्या त्या रिकाम्या बराकींमध्ये सिंधमधून आलेली हजारो कुटुंबं राहायला आली. ८ ऑगस्ट १९४९ ला गव्हर्नर जनरल राजगोपालाचारींच्या हस्ते तिथे उल्हासनगर वसलं. आजही तिथे पत्ता सांगताना "कॅम्प नंबर तीन", "कॅम्प नंबर चार" असंच सांगतात. उल्हासनगरचा या गोष्टीशी आणखी एक संबंध आहे, तो पुढे येतोय.

*

आधी पाण्याची कावीळ संपवू, कारण आपल्या पट्ट्यात सगळ्यांना माहीत असलेली कावीळ तीच. पावसाळ्यात कुठेतरी पाण्याची लाइन फुटते, शेजारच्या गटाराचं पाणी तिच्यात शिरतं आणि एका चाळीत पाच-सहा जण पिवळे होतात.

याची एक मोठी नोंदलेली कहाणी दिल्लीची. १९५५ च्या पुरानंतर नजफगढ नाल्याचं पाणी यमुनेत उलटं, पाणी उचलायच्या जागेकडे सरकलं. डिसेंबर ते जानेवारीत दिल्लीत २९,३०० लोकांना कावीळ झाली. अनेक वर्षं सगळे समजत होते की ती हिपॅटायटिस ए. पण पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेत, म्हणजे आपल्या एनआयव्हीत, त्या साथीच्या वेळची सीरम जपून ठेवलेली होती. १९८० मध्ये ती नव्या टेस्टने तपासली तर ती ए पण नाही आणि बी पण नाही! १९८१ मध्ये कोल्हापुरात आलेली साथही याच जातीची निघाली. पुढे या तिसऱ्या पाहुण्याला हिपॅटायटिस ई हे नाव मिळालं. एनआयव्हीतल्या डॉ. खुर्शीद पावरी, डॉ. विद्या अरणकल्ले वगैरे मंडळींनी या कामात वर्षानुवर्षं घातली. पुण्यात आयटीशिवायही काही घडतं, हे आम्हा इंजिनिअर लोकांनी अधूनमधून आठवावं.

या ए आणि ई चा एक गुण आहे. बहुतेक लोकांत त्या आपोआप बऱ्या होतात. तीन-चार आठवडे, सहा आठवडे आणि संपलं. (अपवाद असतात. गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत ई फार घातक ठरते. त्यामुळे गरोदर बाईला कावीळ झाली तर तडक हॉस्पिटल, मध्ये कुठेही थांबायचं नाही.)

आता माळेचं गणित सुटतं. ओल्या काड्या गाठी मारून ओवलेल्या असतात. काड्या वाळून बारीक झाल्या की गाठी सैल पडतात आणि माळ लांब होते. चुन्याच्या पाण्याचंही तसंच. हाताला आधी चोळलेल्या रसाचा चुन्याशी संबंध आला की पाणी पिवळं होतं, मग तो हात कावीळ झालेल्याचा असो नाहीतर तुमचा-माझा. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते हा प्रयोग गावोगाव करून दाखवतात. आजार आपल्या वेळेला बरा होतो आणि क्रेडिट माळेला जातं. मॅनेजर लोकांना ही पद्धत ओळखीची वाटेल.

आजीला मी दोष देत नाही. तिने जे डोळ्यांनी पाहिलं त्यावर विश्वास ठेवला. घोळ इतकाच झाला की "कावीळ उतरली" म्हटल्यावर त्या घरात लिव्हर हा विषय ३२ वर्षांसाठी बंद झाला.

*

आता बी. ही सापडली ती अपघाताने.

बारूच ब्लमबर्ग नावाचा अमेरिकन डॉक्टर कावीळ शोधतच नव्हता. वेगवेगळ्या माणसांच्या रक्तातली प्रोटीन्स वेगळी का असतात, हा त्याचा विषय. त्याने डोकं असं लावलं की ज्यांना आयुष्यात पुन्हा पुन्हा रक्त चढवलं जातं, त्यांच्या शरीराने परक्या प्रोटीन्सविरुद्ध अँटिबॉडीज तयार केल्या असणार. अशा रुग्णांचं सीरम घ्यायचं आणि जगभरातल्या नमुन्यांशी ताडून बघायचं. एका हिमोफिलियाच्या रुग्णाच्या सीरमची एका ऑस्ट्रेलियन आदिवासी माणसाच्या सीरमशी प्रतिक्रिया झाली. १९६५ मध्ये त्याने हे छापलं आणि त्या अनोळखी प्रोटीनला नाव दिलं "ऑस्ट्रेलिया अँटिजेन". दोनेक वर्षांत लक्षात आलं की हे हिपॅटायटिस बी व्हायरसचं बाहेरचं कवच आहे. आजच्या लॅब रिपोर्टवर "एचबीएसएजी" असं लिहिलेलं असतं ते हेच. १९७६ मध्ये ब्लमबर्गला नोबेल मिळालं.

आता उल्हासनगर. थॅलेसेमिया हा आनुवंशिक आजार सिंधी समाजात तुलनेने जास्त दिसतो. त्यातल्या गंभीर प्रकारात मुलाला लहानपणापासून दर काही आठवड्यांनी रक्त चढवावं लागतं. म्हणजे ज्या प्रकारच्या रुग्णांच्या मदतीने जगाला हा व्हायरस सापडला, तशी मुलं आपल्या दोन स्टेशनं पलीकडे राहतात, आणि रक्तातून येणाऱ्या कावीळीचा धोकाही त्यांनाच सर्वात जास्त. हिपॅटायटिस सी तर १९८९ पर्यंत ओळखूच येत नव्हती. आपल्याकडे रक्तपेढ्यांना सी ची तपासणी सक्तीची झाली ती २००१ मध्ये. त्याआधी रक्त घेऊन वाढलेल्या मुलांनी त्याची किंमत मोजली. सी सुद्धा बी सारखीच वर्षानुवर्षं गप्प बसते आणि शेवटी सिरॉसिस किंवा कॅन्सरपर्यंत नेते.

रक्ताची ही गोष्ट एका माणसामुळे सगळ्या देशाला कळली. १९८२ मध्ये "कुली"च्या शूटिंगमध्ये अमिताभ बच्चन जखमी झाले आणि मुंबईत ब्रीच कँडीला त्यांना भरपूर रक्त चढवावं लागलं. त्यांनीच पुढे सांगितलं की सुमारे २०० लोकांनी रक्त दिलं होतं आणि त्यातल्या कोणाच्या तरी रक्तातून हिपॅटायटिस बी आली. कळलं कधी? जवळपास अठरा वर्षांनी, एका नेहमीच्या तपासणीत. तोवर लिव्हरचा ७५ टक्के भाग निकामी झाला होता. बाकी वेळ माणूस काम करत होता, नाचत होता, इलेक्शनला उभा राहिला होता. डोळे पिवळे नाहीत, पोटात दुखत नाही.

हाच या आजाराचा सगळ्यात वाईट गुण. लिव्हरच्या आत वेदना कळवणाऱ्या नसा नाहीत आणि त्याची राखीव क्षमता अफाट. नव्वद टक्के सीपीयू खाणारी प्रोसेस बॅकग्राउंडला चालू असावी आणि स्क्रीनवर काहीच दिसू नये, असा प्रकार. त्यात हा व्हायरस पेशीच्या केंद्रकात स्वतःच्या डीएनएची एक प्रत लपवून ठेवतो. रूटकिटच म्हणा ना! औषधाने तो दबतो, पूर्णपणे निघून जाणं दुर्मीळ.

आणि लागण कोणत्या वयात होते यावर सगळं ठरतं. मोठ्या माणसाला झाली तर पंच्याण्णव टक्के वेळा शरीर व्हायरस हाकलून देतं. जन्माच्या वेळी आईकडून आली तर सुमारे नव्वद टक्के मुलांत ती कायमची राहते. डॉक्टरांनी आमच्या घराचं चित्र पाहून हेच सांगितलं. दोघे भाऊ पॉझिटिव्ह, म्हणजे बहुधा आजीकडून. आजी तेव्हा हयात नव्हती, त्यामुळे खात्री करायला वाव नाही. १९८६ ची ती कावीळ कदाचित साधी पाण्याची असेल. ती खरोखरच उतरली असेल. खरा पाहुणा जन्मापासून आत बसला होता आणि त्याला माळ काय, चुना काय, कशाचाच पत्ता नव्हता.

*

बी आणि कॅन्सरचं नातं पक्कं केलं तैवानमधल्या एका अभ्यासाने. पामर बीस्ली या अमेरिकन डॉक्टरने २२,७०७ सरकारी नोकर पुरुषांची टेस्ट केली आणि काही वर्षं त्यांच्यावर लक्ष ठेवलं. १९८१ मध्ये निष्कर्ष छापून आले. तोवर लिव्हर कॅन्सरने ४१ जण गेले होते आणि त्यातले ४० जण बी पॉझिटिव्ह होते. बी असलेल्यांना धोका बाकीच्यांच्या २२३ पट! हा आकडा मी पहिल्यांदा वाचला तेव्हा टायपो वाटला होता.

पण त्याच १९८१ मध्ये अमेरिकेत बी ची पहिली लस मंजूर झाली. ब्लमबर्ग आणि त्याचा सहकारी मिलमन यांची कल्पना. १९८६ मध्ये यीस्टमध्ये जीन घालून बनवलेली आली. तैवानने १९८४ मध्ये बाळांना लस द्यायला सुरुवात केली आणि ६ ते १४ वर्षांच्या मुलांमधला लिव्हर कॅन्सर एका दशकात लाखामागे ०.७० वरून ०.३६ वर आला. म्हणजे अर्धा. कॅन्सर लशीने थांबवता येतो याचा जगातला पहिला पुरावा.

आणि आपण? लस होती, पण आयात केलेली. एका डोसला शेकडो रुपये, आणि तीन डोस. चाळीत राहणारं कोण घेणार? इथे माझा आवडता माणूस येतो. वरप्रसाद रेड्डी. डॉक्टर नाही, शास्त्रज्ञ नाही, इलेक्ट्रॉनिक्स इंजिनिअर! परदेशी कंपनीकडे तंत्रज्ञान मागायला गेले तर अपमान वाट्याला आला. मग १९९३ मध्ये हैदराबादला स्वतःच कंपनी काढली, आईच्या नावाने, शांता बायोटेक. ऑगस्ट १९९७ मध्ये त्यांची लस बाजारात आली, किंमत पन्नास रुपयांच्या आसपास. नंतर ती आणखी उतरली आणि युनिसेफसारख्या संस्थांमार्फत जगभर गेली.

मी १९९७ चा. लस आणि मी एकाच वयाचे. पण सरकारी लसीकरणात बी ची लस आधी काही शहरांत आणि जिल्ह्यांत प्रयोग म्हणून आली, महाराष्ट्रासह दहा राज्यांत २००७-०८ मध्ये आणि देशभर २०११ मध्ये. म्हणजे माझ्या वयाचे, आज लोकलला लटकून ऐरोलीला नाहीतर पवईला जाणारे तुम्ही-आम्ही सगळे, आई-वडिलांनी खासगी डॉक्टरकडे पैसे मोजून घेतली नसेल तर लसीविना वाढलोय. माझीही राहिली होती. आई निगेटिव्ह होती म्हणून मी वाचलो, बाकी काही नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजाप्रमाणे २०२२ मध्ये भारतात २ कोटी ९८ लाख लोकांना बी होती आणि ५५ लाखांना सी. बी चा हिशेब साधारण पन्नासात एक. सकाळच्या लोकलच्या डब्यात तीनशे माणसं धरली तर सहा जण. त्यातल्या बहुतेकांना स्वतःलाच माहीत नाही.

*

असो. आता थोडं कामाचं.

एचबीएसएजी आणि हिपॅटायटिस सी, या दोन टेस्ट आयुष्यात एकदा कराच. काहीशे रुपयांचं काम आहे. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय हिपॅटायटिस नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात सरकारी केंद्रांवर तपासणी आणि औषधं मोफत आहेत. (२८ जुलै हा ब्लमबर्गचा वाढदिवस, म्हणून तोच जागतिक हिपॅटायटिस दिन.) निगेटिव्ह आलात आणि लस झाली नसेल तर तीन डोस घ्या: आज, एक महिन्याने, सहा महिन्यांनी. मी तिन्ही घेतले. घरात बाळ येणार असेल तर आईची टेस्ट आणि बाळाला २४ तासांच्या आत पहिला डोस, यात तडजोड नाही. सी निघाली तर घाबरू नका, ती आता साधारण तीन महिन्यांच्या गोळ्यांनी बरी होते. बी निघाली तर डॉक्टर ठरवतील तेव्हा औषध आणि सांगतील तसं दर सहा महिन्यांनी सोनोग्राफी. गाठ लहान असताना सापडली तर हाताशी उपाय असतात. काकांची सापडली तेव्हा काहीच नव्हतं.

सुई नवीन, ब्लेड नवीन. २००९ मध्ये गुजरातेत मोडासा भागात वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्यामुळे बी पसरली आणि कित्येक माणसं गेली. टॅटू काढायचाय, जरूर काढा, सुई मात्र डोळ्यांसमोर पाकिटातून काढायला लावा.

बुरशी लागलेले, कडवट लागणारे शेंगदाणे आणि मका सरळ फेकून द्या. त्या बुरशीतलं अफ्लाटॉक्सिन भाजूनही पूर्ण जात नाही. १९७४ मध्ये बांसवाडा आणि पंचमहाल भागात असा मका खाऊन ३९७ जण आजारी पडले आणि १०६ दगावले. थोडं थोडं वर्षानुवर्षं पोटात गेलं तर ते लिव्हर कॅन्सरला आमंत्रण, आणि सोबत बी असेल तर धोका कैक पटींनी वाढतो. काटकसर म्हणून तसल्या दाण्यांचा कूट करू नका.

राहिलं आपलं आयटीवाल्यांचं. दहा तास खुर्ची, रात्री साडेअकराला बिर्याणी, शुक्रवारी "बसणं". फॅटी लिव्हरही तसंच गप्प असतं आणि काहींमध्ये तेही सिरॉसिस आणि कॅन्सरपर्यंत जातं. त्यावर "लिव्हर टॉनिक" हा उपाय नाही. वजन कमी, चालणं जास्त, दारू बंद, एवढंच.

आणि एक. टेस्ट पॉझिटिव्ह आल्यावर दुसऱ्या दिवशी बाबांनी गुपचूप स्वतःचं ताट, पेला वेगळा काढून ठेवला होता. आईने तो उचलून परत मांडणीत लावला. बी एका ताटात जेवून होत नाही, मिठी मारून होत नाही, खोकल्याने होत नाही. रेझर आणि टूथब्रश मात्र वेगळा. ज्याच्या घरी असा माणूस असेल त्याने एवढं तरी पक्कं लक्षात ठेवा.

त्या शनिवारी नंबर यायच्या आधी बाबांनी शेवटी तोंड उघडलंच. त्या बाईंना म्हणाले, "माळ राहू दे हो गळ्यात. पण डॉक्टरांना विचारा, कुठली कावीळ आहे. ए, बी, सी, ई. रिपोर्टवर लिहून घ्या." बाईंनी पर्समधून पेन काढून हातावर चार अक्षरं लिहून घेतली.

बाबांचा रिपोर्ट नॉर्मल आला. वडापाव दोन झाले, चटणी जास्त.

तुमची टेस्ट झालीये का?